नोंद वेगळी, सोय वेगळी

अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात संगणकावर एकामागून एक अर्ज उघडू लागतात. आयकरासाठी डब्ल्यू-४, कामाची परवानगी तपासणारा आय-९, आरोग्य विमा, पगार कोणत्या खात्यात जमा व्हावा त्याची माहिती. याच रांगेत एकपानी फॉर्म येतो, सीसी-३०५ नावाचा. तुम्हाला अपंगत्व आहे का, किंवा पूर्वी कधी होते का, एवढेच तो विचारतो. उत्तरासाठी तीन चौकोन असतात: होय, नाही, आणि उत्तर द्यायचे नाही. आपल्याकडून तिथे गेलेल्या अनेकांचा हात सरळ ‘नाही’कडे वळतो. खिशात दम्याचा पंप असतो, सकाळी इन्सुलिन घेतलेले असते, नैराश्यावरची गोळी रोज चालू असते, तरीही.

यात नवल नाही. आपल्या ओळखीची पद्धत निराळी आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, पण सरकारी नोकरीतले चार टक्के आरक्षण हवे असेल तर किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि तसे प्रमाणपत्र लागते. रुग्णालयात तपासणी, टक्केवारी, मग यूडीआयडी कार्ड असा तो रस्ता आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठात या आरक्षणातून रुजू होणाऱ्या प्राध्यापकाचा कागद त्याच्या आधी कार्यालयात पोचलेला असतो. त्यामुळे अपंगत्व म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तपासून, मोजून, शिक्का मारून दिलेली गोष्ट, असे आपल्या मनात पक्के बसते. ज्याच्याकडे शिक्का नाही तो स्वतःला त्यात धरत नाही.

सीसी-३०५ मध्ये कुणी काही तपासत नाही. टक्के नाहीत, प्रमाणपत्र नाही, डॉक्टरची सही नाही. व्याख्या वाचायची आणि आपण तिच्यात बसतो का, हे आपले आपण ठरवायचे. फॉर्मवर उदाहरणादाखल एक यादी दिलेली असते. तिच्यात अंधत्व, बहिरेपण, पक्षाघात, हातपाय गमावणे हे तर आहेच. पण मधुमेह, हृदयविकार, अपस्मार, मायग्रेन, दमा, क्षयरोग, संधिवातासारखे स्वप्रतिकार विकार, आतड्याचे जुने आजार, सध्याचा किंवा बरा झालेला कर्करोग, नैराश्य, चिंताविकार, एडीएचडी, ऑटिझम आणि डिस्लेक्सियाही आहे. भाजल्याने किंवा अपघाताने आलेली विद्रूपताही आहे. ही यादी पूर्ण नाही, असेही तिथेच म्हटलेले असते. आणि यातले तुम्हाला नेमके काय आहे, हे फॉर्म विचारत नाही. ‘होय’वर खूण करणारा माणूस फक्त ‘होय’ म्हणतो, त्यापुढे काही नाही.

एवढी मोठी यादी कशी झाली, हे कायद्याच्या व्याख्येवरून कळते. अमेरिकेचा अपंग व्यक्तींसाठीचा मुख्य कायदा, म्हणजे एडीए, २६ जुलै १९९० रोजी झाला. रोजच्या जगण्यातली एखादी महत्त्वाची क्रिया लक्षणीय प्रमाणात अडवणारा शारीरिक किंवा मानसिक दोष असेल, तसा दोष पूर्वी असल्याची नोंद असेल, किंवा लोक तुम्हाला तसे समजून वागवत असतील, तर तुम्हाला संरक्षण आहे, असे तो कायदा म्हणतो. पुढे न्यायालयांनी या व्याख्येचा अर्थ फार आवळला. गोळ्यांनी आजार आटोक्यात आहे, म्हणजे अपंगत्व नाही, असे निकाल येऊ लागले. २००८ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ते थांबवले. औषध, इन्सुलिन, श्रवणयंत्र यांनी होणारा फायदा बाजूला ठेवून मूळ दोषाकडे पाहायचे, असे आता कायद्यातच लिहिले आहे. अपवाद फक्त साध्या चष्म्याचा. साखर औषधाने नीट आहे म्हणून ‘नाही’वर खूण करणाऱ्याने ही दुरुस्ती लक्षात ठेवावी.

‘पूर्वी होते’ या शब्दांमागे एका शिक्षिकेची लढाई आहे. फ्लोरिडातल्या नॅसॉ काउंटीत जीन आर्लाइन प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. १९५७ मध्ये त्यांना क्षयरोगासाठी रुग्णालयात राहावे लागले होते. वीस वर्षांनी आजार उलटला आणि १९७९ मध्ये शाळा मंडळाने त्यांना काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये निकाल लागला: संसर्गजन्य आजार असलेली व्यक्तीही एडीएच्या आधीच्या पुनर्वसन कायद्याच्या संरक्षणात येते आणि लोकांच्या भीतीपोटी तिला नोकरीवरून दूर करता येत नाही, धोका खरोखर किती आहे, हे वैद्यकीय आधारावर तपासावे लागते. क्षयाचे नाव चारचौघांत न घेणारी घरे आपण पाहिली आहेत. त्या घरांतून गेलेल्या माणसाने आर्लाइनबाईंचे नाव जरूर माहीत करून घ्यावे.

आता हा फॉर्म मुळात कशासाठी? त्याचे मूळ एडीएमध्ये नाही, १९७३ च्या याच पुनर्वसन कायद्यात आहे. त्या कायद्याची दोन कलमे विद्यापीठांना लागतात. कलम ५०४ सांगते की केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या संस्थेने अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही. संशोधनाची अनुदाने आणि विद्यार्थ्यांची सरकारी मदत यांमुळे जवळपास प्रत्येक विद्यापीठ त्यात येते. या कलमाचे नियम सरकारने वर्षानुवर्षे रखडवले होते. एप्रिल १९७७ मध्ये अपंग हक्कांच्या कार्यकर्त्या जुडिथ ह्यूमन आणि त्यांच्या साथीदारांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, व्हीलचेअरसह, औषधांसह. आणि २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. ह्यूमन यांना लहानपणी पोलिओ झाला होता.

कलम ५०३ वेगळे आहे. सरकारशी कंत्राट करणाऱ्या संस्थेला ते लागते. नुसते अनुदान घेतले तर ते लागू होत नाही. पण संरक्षण खात्यासाठी किंवा आरोग्य खात्यासाठी कंत्राटी संशोधन करणारी मोठी विद्यापीठे त्यात येतात. या संस्थांनी भेदभाव टाळून थांबायचे नाही, तर अपंग व्यक्तींना नोकरीत आणण्यासाठी स्वतःहून पावले उचलायची. मार्च २०१४ मध्ये लागू झालेल्या नियमांनी त्यासाठी एक उद्दिष्ट ठरवले: प्रत्येक नोकरी गटात सात टक्के. प्राध्यापकांत सात, प्रयोगशाळा तंत्रज्ञांत सात, कार्यालयीन सेवकांत सात. हे आरक्षण नाही. सात भरले नाहीत म्हणून दंड होत नाही. भरती कुठे अडते, जाहिरात कुणापर्यंत पोचत नाही, हे संस्थेने शोधायचे असते.

सात टक्के मोजायचे तर आधी मोजणी हवी. म्हणून हा फॉर्म. तो नोकरीसाठी अर्ज करताना एकदा येतो, नेमणूक देऊ केल्यावर पुन्हा येतो. शिवाय सगळ्या कर्मचाऱ्यांना दर पाच वर्षांनी विचारायचे, आणि मधल्या काळात निदान एकदा आठवण करून द्यायची की तुमचे उत्तर तुम्ही केव्हाही बदलू शकता. रुजू होताना धडधाकट असलेल्या प्राध्यापिकेला दहाव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस होऊ शकतो. तिच्या बाबतीत जुने उत्तर निरुपयोगी असते. विद्यापीठाकडून अचानक ‘तुमची माहिती अद्ययावत करा’ अशी ईमेल आली तर दचकू नये. आपल्याबद्दल कुणी काही कळवले म्हणून ती येत नाही. ती सगळ्यांना जाते.

खूण केलेला कागद जातो कुठे, हा या साऱ्यातला कळीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर नियमांतच आहे. ही माहिती कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेसारख्या फाइलीत ठेवायची नाही. त्याच्या वैद्यकीय फाइलीतही नाही. आकडेमोडीसाठी वेगळी फाइल असते, तिच्यात ती राहते. निवड समितीला ती दिसत नाही, आणि फॉर्मवरही हेच सांगितलेले असते. कामगार खात्याच्या ओएफसीसीपी या विभागाने मागितली तर ती द्यावी लागते. कलम ५०३ च्या कामाखेरीज ती वापरता येत नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्यांच्या मनात इथे एक जादा भीती असते, म्हणून स्पष्ट लिहितो: अपंगत्वावरून भेदभाव न होण्याचा हक्क अमेरिकेत काम करणाऱ्याला आहे, त्याचे नागरिकत्व कोणतेही असो.

आणि ‘उत्तर द्यायचे नाही’ हे खरेच तिसरे उत्तर आहे. ते निवडल्याबद्दल कुणी जाब विचारू शकत नाही. विभागप्रमुखाने बैठकीत ‘सगळ्यांनी फॉर्म भरला ना’ असे चेहऱ्याकडे पाहत विचारणे या ऐच्छिकपणाला धक्का लावते, असे मला ठामपणे वाटते. आवाहन एचआरने करावे, सगळ्यांना सारखे करावे.

इतके सगळे वाचून एखाद्याला वाटेल की ‘होय’वर खूण केली, आता मदत येईल. येत नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. सीसी-३०५ ही शिरगणती आहे. खानेसुमारीच्या कागदावर घराला नळ नाही असे लिहून नळ येत नाही, तसेच हे. कामात काही सोय हवी असेल, तिथल्या बोलीत अकॉमोडेशन हवे असेल, तर ते वेगळे मागावे लागते, वेगळ्या माणसाकडे, एडीए आणि कलम ५०४ खाली. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी: फॉर्मवर ‘नाही’ लिहिले असले किंवा तो कधी भरलाच नसला, तरी सोय मागण्याचा हक्क जात नाही. दोन्ही वाटा एकमेकींवर अवलंबून नाहीत.

सोय मागण्याची वाट कशी चालते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, पुण्याहून गेलेली एक पोस्टडॉक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. तिला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी उठल्यावर बोटे तासभर मिटत नाहीत, आणि दिवसभर पिपेट दाबून अंगठा सुजतो. नऊच्या बैठकीला ती उशिरा पोचते. प्रयोगशाळेचे प्रमुख आधी काही बोलत नाहीत, मग नाराजी दाखवू लागतात.

तिने काय करावे? कुणालातरी सांगावे की आजारामुळे कामात अमुक अडचण येते आणि बदल हवा आहे. बस. कायद्याचे नाव घ्यावे लागत नाही, ‘अकॉमोडेशन’ हा शब्दही उच्चारावा लागत नाही. तोंडी सांगितलेले चालते, आणि प्रमुखांना सांगितले तरी विद्यापीठाला सांगितल्यासारखेच धरले जाते. तरी ते ईमेलने सांगावे आणि विद्यापीठाच्या एडीए समन्वयकाला किंवा एचआरच्या अपंगत्व विभागाला पाठवावे. मोठ्या विद्यापीठांत हे काम पाहणारे वेगळे कार्यालय असते, आणि ते विद्यार्थ्यांच्या अपंगत्व कार्यालयाहून बहुधा निराळे असते. पीएचडी करता करता वर्ग घेणाऱ्यांची इथे धांदल होते, कारण ते एकाच वेळी विद्यार्थीही असतात आणि नोकरही. परीक्षेत जादा वेळ हवा तर एक दार, वर्गाची खोली बदलून हवी तर दुसरे.

अर्ज गेला की समन्वयक तिच्याशी बोलतो. अडचण डोळ्यांना दिसणारी नसेल तर डॉक्टरांचे पत्र मागता येते. त्या पत्रात काय लागते? दोष आहे, त्याने अमुक हालचाल अडते, आणि मागितलेल्या बदलाने फरक पडेल, इतके. सगळा वैद्यकीय इतिहास मागण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही. मग दोन्ही बाजू मिळून उपाय शोधतात. बैठक साडेदहाला नेता येईल का? बटण हलके दाबले तरी चालणारी इलेक्ट्रॉनिक पिपेट घेता येईल का? उंच स्टूल? तिने मागितलेला नेमका तोच उपाय विद्यापीठाने द्यावा असे बंधन नाही. पण जो देईल तो खरोखर उपयोगी पडला पाहिजे. कामाचा गाभा मात्र बदलत नाही. प्राध्यापकाला शिकवण्यातूनच सूट मिळत नाही, तास दुपारी घेता येतो; लिफ्ट असलेल्या इमारतीत वर्ग मिळू शकतो; ऐकू कमी येणाऱ्याला विभागाच्या बैठकीत बोललेले पडद्यावर लिहून दाखवणारी व्यवस्था मिळू शकते; आजारात गेलेल्या काळापुरती टेन्युअरची, म्हणजे कायम नेमणुकीची, मुदत वाढू शकते.

नकार द्यायचा तर तो बदल संस्थेच्या साधनांच्या मानाने फारच जड आहे, हे विद्यापीठाला दाखवावे लागते. शेकडो कोटी डॉलरचे अंदाजपत्रक असलेल्या संस्थेला एका पिपेटीबद्दल ते म्हणता येणार नाही. खर्चाचा बाऊ बहुतेक वेळा पोकळच असतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाशी जोडलेली जॉब अकॉमोडेशन नेटवर्क ही सेवा १९८३ पासून नोकरदार आणि मालक दोघांनाही विनामूल्य सल्ला देते आहे. तिच्या पाहणीत मालकांनीच वर्षानुवर्षे सांगितले आहे की जवळपास निम्म्या सोयींना एक डॉलरही खर्च आलेला नाही.

प्रमुखांना या सगळ्यातले किती कळते? तिची बैठक साडेदहाला असेल आणि ही पिपेट तिच्यासाठी आहे, एवढे. आजाराचे नाव त्यांना सांगायचे कारण नाही. वैद्यकीय कागद वेगळ्या, कुलूपबंद नोंदीत राहतात. सहकाऱ्यांनी ‘तिला उशिरा यायची परवानगी कशी?’ असे विचारले तर प्रमुखांनी तिच्या आजाराचा उल्लेख करून उत्तर द्यायचे नाही. मात्र तिने स्वतःच चहाच्या वेळी मैत्रिणीला सांगितले, तर ती गोष्ट पुढे जाणार नाही याची हमी कोणताही कायदा देत नाही. म्हणून मोजणीचा फॉर्म, सोयीचा अर्ज आणि माणसांना सांगणे, हे तीन वेगवेगळे निर्णय आहेत, आणि एक केला म्हणून दुसरा करावाच लागतो असे नाही.

मागायचे केव्हा, याबद्दल माझे मत पक्के आहे: अडचण कामात दिसू लागताच. कारण सोय पुढच्या कामासाठी मिळते, मागच्यासाठी नाही. वार्षिक मूल्यमापनात वाईट शेरा पडल्यावर ‘मला आजार होता’ असे सांगितले, तर विद्यापीठाला तो शेरा पुसावा लागत नाही. आपल्या माणसांची सवय नेमकी उलटी असते. सोसायचे, रात्री जागून भरून काढायचे, आणि मोडल्यावर सांगायचे.

तरी लोक का सांगत नाहीत, हे विद्यापीठाच्या जगात राहिलेल्याला कळते. इथे बुद्धीवर पोट असते, आणि टेन्युअर मिळेपर्यंत सहा-सात वर्षे प्रत्येक जण तोलला जात असतो. जॉन्स हॉपकिन्समध्ये मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या के रेडफील्ड जेमिसन यांनी स्वतःच्या बायपोलर आजाराबद्दल १९९५ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा त्या त्याच आजाराच्या नामांकित अभ्यासक होत्या. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक एलिन सॅक्स यांनी आपल्या स्किझोफ्रेनियाबद्दल २००७ मध्ये लिहिले. तोवर त्यांची जागा पक्की झाली होती. दोघींचे धैर्य मोठे आहे. पण ज्याची जागा पक्की नाही, त्याने त्यांच्याइतके उघड बोलावे असा आग्रह धरणे अन्याय होईल. त्याच्यासाठीच तर नाव न फुटणारा मोजणीचा फॉर्म आहे. शक्य असेल त्याने तिथे खरे उत्तर द्यावे, असे मला मनापासून वाटते. कुणीच मोजले गेले नाही तर ‘आमच्याकडे अशी माणसे नाहीतच’ असे म्हणायला प्रशासन मोकळे राहते.

कायद्याला भोके आहेत, तीही सांगितली पाहिजेत. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या रुग्णालयात पॅट्रिशिया गॅरेट नर्सिंग विभागाच्या संचालक होत्या. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेऊन १९९५ मध्ये त्या कामावर परतल्या, तेव्हा त्यांना संचालकपद सोडायला सांगण्यात आले आणि कमी पगाराच्या जागेवर त्या गेल्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की राज्य सरकारच्या संस्थेवर एडीएखाली नोकरीच्या बाबतीत नुकसानभरपाईचा दावा कर्मचाऱ्याला लावता येत नाही. म्हणजे राज्य विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा हात इथे खासगी विद्यापीठातल्या प्राध्यापकापेक्षा अधिक बांधलेला आहे. त्याला कलम ५०४ चा आधार घ्यावा लागतो, कारण केंद्राचा पैसा घेणाऱ्या राज्य संस्थेला त्या कलमापुढे ही ढाल वापरता येत नाही. गॅरेट यांच्याच प्रकरणात पुढे अपील न्यायालयाने तसे म्हटले. या एका बाबतीत भारताचा कायदा अधिक थेट आहे: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही, असे २०१६ च्या कायद्याचे कलम २०(४) सांगते.

दुसरी गोष्ट ताजी आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने कलम ५०३ च्या नियमांतून सात टक्क्यांचे उद्दिष्ट आणि ही ऐच्छिक नोंद, दोन्ही काढून टाकण्याचा प्रस्ताव जाहीर केला. सीसी-३०५ तुमच्या विद्यापीठात चालू आहे का, हे एचआरला विचारून घ्यावे. मोजणी थांबली तर ते मोठे नुकसान होईल, असे माझे मत आहे. पण सोय मागण्याची वाट त्या फॉर्मवर टेकलेली नाही. ती एडीए आणि कलम ५०४ वर उभी आहे, आणि हे दोन्ही संसदेने केलेले कायदे आहेत.

तिथे नोकरीला असलेल्या वाचकाने एवढे करावे: सोय मागितल्याची ईमेल, आलेले उत्तर आणि डॉक्टरांचे पत्र यांची प्रत विद्यापीठाच्या खात्याबाहेर, स्वतःकडे ठेवावी. नकार मिळाला, किंवा मागितल्याबद्दल त्रास सुरू झाला, तर एडीएखाली समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत त्या घटनेपासून १८० दिवस आहे. ज्या राज्यांत त्याच स्वरूपाचा कायदा आणि तो राबवणारे कार्यालय आहे तिथे ती ३०० दिवस आहे. विद्यापीठातच अंतर्गत तक्रार चालू असली तरी हे दिवस मोजले जात राहतात.